कुकाऱ्याला उत्तर

माझ्या नाकावर राग असतो असं माहेरची माणसं म्हणायची. साफ खोटं. नाकावरचा राग शिंकेसारखा बाहेर तरी पडतो. माझा पोटात उतरायचा आणि वर तोंडाला कुलूप लागायचं. रागावले की मी बोलणं बंद करायचे. भांडी आपटणं नाही, रडणं नाही. रुसून माहेरी जाणंही नाही, कारण माहेर चौलला, सासर नागावला, रिक्षाने गेलं तर रुसवा नीट बसायच्या आत पोचायला होतं. नुसती गप्प. एक दिवस, चार दिवस. एका वर्षी गणपतीत धरलेला अबोला मी दिवाळीच्या चकल्यांपर्यंत नेला होता, आणि तो कशावरून धरला होता हे मधेच कधीतरी विसरूनही गेले होते. विसरले म्हणून सोडला नाही. आता सोडला तर हसतील, म्हणून ताणला.

हे मी आईकडून उचललं. आई कधी ओरडली नाही. किती शांत बाई, असं आळीत तिचं नाव होतं. बाबांशी तिचं बोलणं बंद झालं की मधे मी. तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय, असं ती म्हणायची आणि बाबा तिथेच, दोन हातांवर, पेपर घेऊन बसलेले असायचे. मी मान वळवून सांगायचे, बाबा, पाणी तापलंय. ते म्हणायचे, तिला सांग, येतो. मी पुन्हा मान वळवायचे. मला यात काही वावगं वाटत नसे. उलट आपल्यावाचून घरात अडतं याचा थोडा तोराच होता. लग्न होऊन नागावला आले आणि पहिल्याच महिन्यात सासू-सासऱ्यांचं कडाक्याचं भांडण ऐकलं. अर्ध्या तासाने दोघं एका ताटलीतले फणसाचे गरे खात बसलेली पाहिली, तेव्हा मला ती माणसं अडाणी वाटली. खरंच सांगते.

नवऱ्याला मी इथे ‘तो’ म्हणणार आहे. तोंडावर ‘अहो’ म्हणण्यात जन्म गेला, कागदावर तरी बरोबरी असू दे. तो माझ्या अगदी उलटा. भडाभडा बोलणारा, थट्टेखोर. मी गप्प झाले की तो जास्तच बोलायचा. मांजराशी, नारळांशी, आमच्या भाड्याने द्यायच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांशी. आणि मुलगी लहान होती तोवर तिच्यामार्फत माझ्याशी. म्हणजे आईने मला दिलेलं काम मी माझ्या मुलीला दिलं होतं, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आता वाडीचं सांगायला हवं, कारण जे घडलं ते वाडीत घडलं. आमची वाडी लांबट आहे. पुढे रस्ता आणि अंगण, मग घर, घरामागे विहीर, आणि तिथून समुद्राकडे नारळ, सुपारी, खाली केळी. थंडीपासून पावसापर्यंत शिंपणं चालतं. पंप सुरू केला की पाणी पाटाने धावतं, आणि एक माणूस फावड्याने पाट फोडत एकेका झाडाचं आळं भरत टोकापर्यंत जातो. पंपाचं बटण आमच्या मागच्या दाराशी. त्यामुळे एक माणूस टोकाला आणि एक बटणाशी लागतोच. टोकाला मोबाइलला रेंज नाही, आणि नवऱ्याचे दोन मोबाइल असेही विहिरीत गेलेले आहेत. म्हणून सासऱ्यांच्या वेळची रीत अजून चालते. शेवटचं आळं भरलं की टोकाच्या माणसाने ‘कू’ करून लांब कुकारा द्यायचा. घरच्याने उलट कुकारा देऊन पंप बंद करायचा.

उलट कुकाऱ्याबद्दल सासरे फार कडक होते. झाडीत माणूस दिसत नाही, म्हणून ऐकलंय हे कळवायचं, असं ते मला नवी नवरी असताना शिकवत होते. आणि कुकारा अवेळी आला तर हातातलं टाकून बघायला जायचं.

अबोल्यात माझ्यापुढे प्रश्न पडायचा की कुकारा म्हणजे बोलणं की नाही. मी पुष्कळ विचार करून ठरवलं होतं की बोलणंच. तेव्हा अबोला असला की मी पंप बंद करायचे, उत्तर द्यायचे नाही. पाणी थांबलं की कळतंच की! नवरा यावर वात्रटपणा करायचा. पाणी थांबल्यावरही मला बोलतं करायला दोन-तीन जास्तीचे कुकारे ठोकायचा, एकदा कोकिळेसारखा, एकदा कुकरच्या शिट्टीसारखा. पाहुणे खो खो हसायचे आणि मी ओठ घट्ट मिटून चहा गाळायचे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली थंडी होती. अंगणात सासूबाईंनी लावलेली बकुळ होती. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा पुरेना, म्हणून मी अलिबागला बाजारात गेलेली असताना नवऱ्याने ती निम्मी छाटून घेतली. मी पांढऱ्या कांद्यांच्या दोन माळा खांद्यावर टाकून परत आले तर अंगणात लख्ख ऊन. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं. त्या बकुळीखाली सासूबाई आणि मी कितीतरी सकाळी फुलं वेचली होती. मला भयंकर वाईट वाटलं. पण वाईट वाटलं असं म्हणायची आमच्या माहेरी पद्धत नव्हती. मी माळा खुंटीला लावल्या आणि गप्प झाले.

नवव्या दिवशी शनिवार होता. दोन्ही खोल्या भरलेल्या. सकाळी नवरा फावडं घेऊन वाडीत उतरला, मी पंप सुरू केला आणि घावनांचा तवा ठेवला. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, कुकारा आला. टोकापर्यंत पाणी जायला चांगली पाऊण तासाची निश्चिंती. मी मागच्या पायरीवर आले, पदराला हात पुसत उभी राहिले. दुसरा कुकारा आला. ओसरीवरचे पाहुणे हसले. मी मनात म्हटलं, झाली सुरुवात, मला बोलतं करायला बघतोय. मी पंप बंद केला, की घे, हे माझं उत्तर, आणि आत गेले. तिसरा कुकारा लांब होता आणि मधेच तुटला. तोही मी ऐकला. तव्यावरचं घावन उलटलं.

पाहुण्यांना वाढलं. चटणी संपली ती पुन्हा वाटली. मग त्याचा चहा मागच्या कट्ट्यावर ठेवून झाकणी दोनदा वाजवली; अबोल्यातलं आमचं चहाचं बोलावणं तसंच असायचं. तो आला नाही. चहावर साय धरली तरी आला नाही. आता माझा रागच वाढला आणि मी वाडीत उतरले, ते त्याच्यासमोर जाऊन न बोलण्यासाठी.

केळीच्या पलीकडे तो सुपारीला पाठ टेकून बसला होता. पाटाच्या कडेच्या शेवाळावरून घसरला होता. एक पाय पाण्यात, आणि गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. ओठ पांढरे, अंग थडथडत होतं. मला बघून म्हणाला, “आलीस?” एवढंच. नऊ दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द ‘अहो’ होता.

पाहुण्यांतल्या चौघांनी त्याला लाकडी बाकावर निजवून उचलून आणला. ज्यांच्या गाडीतून अलिबागला नेला ती गाडी बकुळ छाटून केलेल्या जागेतच उभी होती. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दवाखान्यात पायात सळई घालायची ठरली. किती वेळ पडून होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, पाऊण तास असेल, कळ इतकी होती की शब्द फुटेना, नुसतं कू तेवढं निघालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “हिला ऐकू आलं नसेल. सकाळी मिक्सर चालू असतो.”

मिक्सर चालू नव्हता. चटणी मी पाट्यावर वाटते, पाहुण्यांना तशीच लागते. मला त्याच वेळी सांगता आलं असतं की ऐकलं होतं, तिन्ही कुकारे ऐकले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. थंड पाण्यात पाय मोडून पडलेला माणूस बोलावत होता आणि मी घावन उलटत होते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितल्यावर त्याने माझ्याकडे कसं बघितलं असतं? मला त्या बघण्याची भीती वाटली. ती पुढे वर्षभर गेली नाही.

मुलगी पनवेलहून धावत आली. ती तिथे नोकरी करते. बापाला भेटून झाल्यावर मला कँटीनमध्ये चहाला घेऊन गेली आणि विचारलं, अबोला चालू होता ना? मी मान हलवली. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. कप फिरवत बसली, मग म्हणाली, “आई, राग येऊ दे ना. पण आलाय एवढं तरी सांग, आणि कधी संपेल तेही सांगून टाक. मी लहान होते तेव्हा मला दर वेळी वाटायचं, आता हे कायमचंच.”

मघाशी मी लिहिलं की लहानपणी निरोप पोचवताना मला तोरा वाटायचा. तोरा नव्हता तो. निरोप चुकला तर ही दोघं पुन्हा कधीच बोलायची नाहीत, अशी धडकी असायची पोटात. हे मला त्या कँटीनमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. चहा गार झाला आणि मी तशीच बसून रडले.

नवरा घरी आला. तीन महिने अंथरुणाला. ज्याला उठवून बसवायचं, पाठ पुसून द्यायची, त्याच्याशी अबोला धरता येत नाही, हे एक बरं झालं. पण रुग्ण म्हणून तो भयंकर होता. दिवसातून दहादा माझा पारा चढायचा. एके दिवशी भेटायला आलेल्यांना हसत हसत सांगत होता की हल्ली पेज इतकी पातळ मिळते की तोंड दिसतं. माणसं गेल्यावर मी दारात उभी राहिले. सवयीने आत वळणार होते. तरी म्हटलं, “मला राग आलाय. चार वाजेपर्यंत मी बोलणार नाही.” आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो दचकला, घड्याळाकडे बघितलं, आणि बरं म्हणाला.

चार वाजेपर्यंत करायचं काय? हातांना चैन पडेना. मागच्या अंगणात झावळ्या पडल्या होत्या. सुरी घेऊन बसले आणि पाती सोलून हीर, म्हणजे मधल्या काड्या, काढायला लागले. एकेक पात ओढायची, सुरी लावायची, सर्रकन ओढायची. पेजेवरून सुरुवात झाली, बकुळीवर गेले, तिथून आईवर. झावळी संपली तेव्हा पावणेचार झाले होते आणि राग निम्म्यावर आला होता. मी जाऊन सांगितलं की चारचौघांत माझं हसं केलेलं मला आवडत नाही. तो म्हणाला, चुकलं. इतकं सोपं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून घड्याळ सोडलं आणि झावळी धरली. एक झावळी सोलून होईपर्यंत गप्प बसायची मुभा, हीर बांधून खराटा झाला की बोलायचं. त्या वर्षी आमच्या घरी खराट्यांची रास पडली. नणंदेला दिले, देवळाला दिले, शाळेला दिले. नवरा सकाळी काठी टेकत यायचा आणि विचारायचा, आज खराटा निघणार का, म्हणजे मी तसा बेताने बोलतो. एका पाहुणीने विचारलं, तुमचा खराट्यांचा धंदा आहे का? तो म्हणाला, “नाही हो. आमचं लग्न झालंय.”

दर वेळी जमलं असं नाही. पंप दुरुस्त करणाऱ्यावरून एकदा जुनीच तऱ्हा झाली, दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच वैतागून झावळी ओढली. जुनी सवय अंगातून एकदम जात नाही. पण ती आली की आता मला ओळखू येते.

हे सगळं चाललं होतं आणि मुख्य गोष्ट तशीच पडून होती. पेजेचं बोलता येत होतं, बकुळीचंही बोलून झालं होतं, त्या तीन कुकाऱ्यांचं नाही. राग बोलायला मी शिकले होते; हा राग नव्हता, ही लाज होती, आणि लाजेनेही तोंड तसंच मिटतं. पुढच्या थंडीत शिंपणं सुरू झालं तेव्हा फावडं घेऊन मी टोकाला जायला लागले आणि तो बटणाशी, खुर्चीवर. मी कुकारा दिला की त्याचा लगेच उलट यायचा. एकदाही चुकला नाही. तो आवाज माझ्या कानात खुपायचा.

एका दुपारी मी मागच्या अंगणात झावळी घेऊन बसले. ती संपली, दुसरी ओढली. तो पायरीवर बसून सुक्या सुपाऱ्या सोलत होता. बराच वेळ बघून म्हणाला, आज कसला खराटा, मी तर सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. मी सुरी खाली ठेवली.

“मी ऐकलं होतं,” मी म्हटलं. “तिन्ही कुकारे. मिक्सर चालू नव्हता.”

त्याचा हात थांबला नाही. हातातली सुपारी सोलून त्याने सुपात टाकली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “उभं असताना केळीची पानं आड येतात. खाली पडलं की पानांखालून दार दिसतं. तू पायरीवर आलीस, पदराला हात पुसलेस. मग पाणी थांबलं. मग आत गेलीस.”

 वर्षभर मी जे लपवलं ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं होतं. डॉक्टरांसमोर मिक्सरचं बोलला तेव्हाही ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

“मलाही राग आला होता,” तो म्हणाला. “तुझ्यासारखा धरून बसलो. मला धरायची सवय नाही ना, सोडतात कसा ते कळेना.”

मी रडले. तो रडला नाही, पण सुपारी सोलायची थांबवून तसाच बसून राहिला. इतकी वर्षं मी गप्प बसले तेव्हा समोरच्याला कसं वाटत असेल, ते मला त्याच्या त्या एका वर्षाने दाखवलं. थोड्या वेळाने मी उरलेली अर्धी झावळी त्याच्याकडे सरकवली आणि सुरीही दिली. त्याने फार वाईट हीर काढले, निम्मे मोडले. खराटा झाला तो कामाचा नव्हता. अजून मागच्या दाराआड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फावडं उचललं. पडल्यापासून पहिल्यांदाच. मी नको म्हटलं, भीती वाटते असंही म्हटलं. तो काठी आणि फावडं दोन्ही घेऊन केळीत शिरला आणि दिसेनासा झाला. मी पंप सुरू करून तवा ठेवला. दहा मिनिटं झाली असतील, कुकारा आला.

मी पायरीवरूनच उलट कुकारा दिला, इतका मोठा की ओसरीवरचे पाहुणे उठून उभे राहिले, आणि तवा तसाच टाकून वाडीत धावले. पाट ओलांडला, शेवाळ बघून बघून केळीपलीकडे गेले. तो फावड्यावर रेलून उभा होता. धडधाकट. पाय जागेवर.

“काय झालं?” मी विचारलं. मला धाप लागली होती.

“काही नाही,” तो म्हणाला. “येतेस का बघत होतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती मी तिथल्या तिथे, पाटाच्या पाण्यात उभी राहून, त्याला सांगितली.